हळदीच्या रेणूत रिंगा किती?

सणसवाडी-रांजणगाव पट्ट्यात रसायनशास्त्राची पदवी घेऊन कारखान्याच्या प्रयोगशाळेत लागलेली मुलंमुली पुष्कळ आहेत. रेणूचा एखादा तुकडा द्यायचा आणि तो ज्यांत आहे असे सगळे रेणू शोधायचे, ही त्यांच्या कामाची सोय पबकेम या माहितीसाठ्यात आणि आरडीकिट या सॉफ्टवेअरमध्ये फुकट आहे. पण उत्तर अनपेक्षित आलं, की ‘याला रिंगच कळत नाही’ असं म्हणून माणसं ते सोडून देतात. बहुतेक वेळा चूक प्रश्नात असते.

सॉफ्टवेअरला चित्र दिसतं, हा सगळ्यात मोठा गैरसमज. हळदीतलं कर्क्युमिन घ्या. त्याच्या इनॉल रूपात मधोमध हायड्रोजन बंधामुळे सहा अणूंचं कडं तयार होतं आणि पुस्तकांत ते तसंच काढतात. सॉफ्टवेअर मात्र दोनच रिंगा सांगतं, आणि ते बरोबर आहे: हायड्रोजन बंध त्याच्या हिशेबात धरलेलाच नसतो. पडताळा हाताने घेता येतो. हायड्रोजन सोडून अणू २७, त्यांच्यातले बंध २८. बंधांतून अणू वजा करून एक मिळवा, उत्तर २.

हाच हिशेब घनाकार क्युबेनला लावा. ८ कार्बन, १२ बंध, म्हणजे ५ रिंगा. पण घनाला बाजू तर सहा! सहावी बाजू उरलेल्या पाचांतून निघतेच, म्हणून लहानात लहान रिंगांच्या संचात ती वेगळी धरत नाहीत. परिणाम विचित्र होतो. हुबेहूब सारख्या आठ कार्बनांपैकी चार तीन रिंगांत पडतात, चार दोनच रिंगांत. ‘तीन रिंगांतला अणू’ असा शोध मग अर्धेच अणू पकडतो. आरडीकिटमध्ये सममिती राखणारा संचही मिळतो. त्यात सहाही रिंगा येतात. दोन सॉफ्टवेअरांची उत्तरं जुळली नाहीत, तर आधी हा फरक तपासावा.

असे शोध ज्या स्मार्ट्स भाषेत लिहितात, तिच्यात लहान लिपीतला ‘आर सहा’ म्हणजे सहाच्या रिंगेतला कुठलाही अणू, असंही समजलं जातं. ती खूण अणूची सर्वांत लहान रिंग बघते. इंडोलमध्ये पाच आणि सहाच्या रिंगांना सामाईक असलेले दोन कार्बन त्यामुळे निसटतात. तसंच, मोठ्या लिपीतला सी बेंझिनच्या कार्बनला लागत नाही, तिथे लहान लिपीतलाच हवा. आणि सहा कार्बनांची सरळ साखळी शोधली तर सायक्लोहेक्झेनही हाती येतो. तो नको असेल, तर बंध रिंगेबाहेरचा हवा ही अट लिहावी लागते.

हे सगळं परदेशी कंपन्यांचं काम, असंही नाही. ‘प्रॅक्टिकल केमोइन्फॉर्मॅटिक्स’ या २०१४ च्या पुस्तकाचे लेखक एम. कार्तिकेयन आणि रेणू व्यास हे तेव्हा पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत होते. आता शेवटची गोष्ट: शोध अडला, तर पूर्ण माहितीसाठ्यावर पुन्हा चालवत बसू नका. उत्तर ठाऊक असलेला एकच रेणू घ्या, त्याच्या प्रत्येक अणूपुढे सॉफ्टवेअरने धरलेल्या रिंगा छापून बघा आणि मग प्रश्नातली एकेक अट काढत जा.