मेंढरांचा राखणदार घरी येतो तेव्हा

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की राळेगावच्या शिवारात मेंढपाळांचे कळप दिसू लागतात. उभ्या पऱ्हाटीचा पाला मेंढ्यांना चारा म्हणून मिळतो आणि रात्री मेंढ्या शेतात बसवल्या की लेंडीखत जमिनीला मिळते. अशा कळपामागून चालणारा कुत्रा तुम्ही पाहिला असेलच. दिवसा तो मेंढ्यांच्या मागेपुढे संथपणे फिरतो, सावली दिसली की अंग टाकतो. अंधार पडला, की मात्र वाड्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला भुंकून जागीच अडवतो.

अशा कुत्रीला पिल्ले झाली की गावातला एखादा मुलगा हौसेने एक पिल्लू मागून आणतो. वर्षभर सारे ठीक चालते. मग तक्रारी सुरू होतात. कुत्रा पाहुण्यांना आत येऊ देत नाही, रात्रभर भुंकतो, शेजाऱ्यांवर धावतो. ‘कुत्रा वाईट निघाला’ असे म्हणून घरचे लोक त्याला साखळीने बांधतात. बांधलेला कुत्रा अधिकच चिडका होतो आणि एक दिवस कोणाला तरी चावतो. हा कुत्रा खरोखर वाईट होता काय?

हाकणारे आणि राखणारे

कळपाबरोबर काम करणारे कुत्रे मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार हाकणाऱ्यांचा. इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या सीमेवरील डोंगराळ भागातला बॉर्डर कॉली हा त्याचा प्रसिद्ध नमुना. आजच्या बॉर्डर कॉलींची वंशावळ १८९३ साली नॉर्थम्बरलंडमध्ये जन्मलेल्या ‘ओल्ड हेम्प’ नावाच्या कुत्र्यापर्यंत जाऊन पोचते. हा कुत्रा मेंढ्यांवर नजर रोखतो, दबकत पुढे सरकतो आणि धन्याच्या शिट्टीवर कळप वळवतो.

दुसरा प्रकार राखणाऱ्यांचा. हिमाचल प्रदेशातील गद्दी मेंढपाळांचा कुत्रा या प्रकारातला. आपल्या महाराष्ट्रातील धनगरांच्या कळपाबरोबर हिंडणारे कुत्रेही राखणदारीचेच काम करतात. हे कुत्रे मेंढ्या वळवत नाहीत; ते काम मेंढपाळाची काठी आणि हाळी करते. कुत्रा कळपात राहतो आणि लांडगा, बिबट्या किंवा चोर आला की भुंकून उठतो. वाघाशी झुंजण्याचे बळ त्याच्यात नसते. पण त्याच्या भुंकण्याने मेंढपाळ वेळीच सावध होतो. राळेगाव तालुक्यात या सावधपणाला मोठे मोल आहे. ‘टी-१’ वाघीण २०१८ साली याच तालुक्यातील बोराटीच्या परिसरात मारली गेली, हे तुम्ही घरी ऐकले असेल.

लांडग्याच्या शिकारीचे तुकडे

दोन्ही प्रकारच्या कुत्र्यांचा पूर्वज एकच, तो म्हणजे लांडगा. मग त्यांच्या वागण्यात एवढा फरक कसा पडला?

लांडगा शिकार करतो तेव्हा त्याच्या हालचाली एका ठराविक क्रमाने होतात. आधी तो सावज हेरतो, मग नजर रोखतो, दबा धरून पुढे सरकतो, पाठलाग करतो, पकडतो, ठार मारतो आणि शेवटी फाडून खातो. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या आपल्याला हवे तसे वागणारे कुत्रे निवडले आणि त्यांचीच पैदास केली. यालाच कृत्रिम निवड म्हणतात. या निवडीने शिकारीच्या साखळीतील काही कड्या ठळक झाल्या, तर काही पुसट झाल्या.

हाकणाऱ्या कुत्र्यात नजर रोखणे, दबकणे आणि पाठलाग या कड्या ठळक आहेत. पकडणे आणि मारणे या पुसट आहेत. राखणाऱ्या कुत्र्यात पाठलागासह जवळजवळ सगळीच साखळी पुसट असते. म्हणून तर मेंढी उधळली तरी तो तिच्यामागे धावत नाही. आपल्याकडचे मुधोळ आणि कारवान हे सडपातळ कुत्रे मात्र सशामागे वाऱ्यासारखे धावतात, कारण त्यांची निवड पाठलागासाठीच झाली. त्यांना मेंढ्यांचे राखणदार समजणे चूक ठरेल.

आता हाकणारा कुत्रा घरात आणला तर काय होईल? घरात मेंढ्या नसतात, पण पळणारी मुले, सायकली आणि कोंबड्या असतात. तो त्यांनाच वळवू पाहतो आणि प्रसंगी टाचेला हलकेच चावाही घेतो. राखणाऱ्याला कळप मिळाला नाही तर तो तुमच्या घरालाच कळप मानतो आणि पाहुण्याला लांडगा! म्हणजे कुत्रा बिघडलेला नसतो. तो आपले वडिलोपार्जित काम करत असतो, फक्त जागा बदललेली असते.

पहिले बारा आठवडे

वागणे केवळ रक्तातून येत नाही. पिल्लाच्या वयाचे तीन ते बारा आठवडे फार मोलाचे असतात. या काळात ज्यांचा सहवास मिळेल ते त्याला आपले वाटू लागतात. अमेरिकेत १९६१ साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला. काही पिल्ले कुंपण घातलेल्या रानात माणसांपासून दूर वाढवली होती. ज्यांना पाच ते नऊ आठवड्यांच्या दरम्यान आठवडाभर माणसांचा सहवास दिला, ती माणसाळली. ज्यांना चौदा आठवडे माणूस भेटलाच नाही, ती पुढे माणसाला बुजतच राहिली.

१९७० च्या दशकात रेमंड कॉपिंजर या शास्त्रज्ञाने अमेरिकेतील मेंढपाळांसाठी इटली, युगोस्लाव्हिया आणि तुर्कस्तान येथून राखणारे कुत्रे आणले. पिल्लू लहानपणापासून मेंढ्यांत वाढले तरच ते उत्तम राखणदार होते, असे त्यातून दिसून आले. आपल्या धनगरांच्या वाड्यावर हे शिक्षण आपोआप होते. पिल्ले वाघरीच्या म्हणजे जाळ्याच्या कुंपणाजवळ, कोकरांच्या संगतीतच लहानाची मोठी होतात.

पिल्लू घरी आणायचेच असेल तर

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. चावा किती जोराचा झाला की समोरच्याला दुखते, हे ते आई आणि भावंडांकडूनच शिकते. घरी आल्यावर पुढचा महिनाभर त्याला निरनिराळी माणसे, लहान मुले, गाई-बकऱ्या आणि सायकली शांतपणे दाखवाव्यात. त्याला साखळीशी जखडून ठेवू नये. रोज सकाळ-संध्याकाळ शेतापर्यंतची फेरी आणि रात्री शेतात जागलीला सोबत, हे त्याला मानवणारे काम आहे.

रेबीजची पहिली लस पिल्लू तीन महिन्यांचे झाल्यावर आणि पुढे पशुवैद्यांच्या सल्ल्याप्रमाणे ठरल्या वेळी टोचून घ्यावी. कोणत्याही कुत्र्याने चावा घेतला तर जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठावा. हळद, चुना किंवा मिरची लावण्यात वेळ दवडू नये. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण वाचण्याची आशा जवळजवळ उरत नाही.

दाट केसांचे परदेशी कुत्रे विकत घेणाऱ्यांनी विदर्भाचा उन्हाळाही लक्षात घ्यावा. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीरातील उष्णता बाहेर टाकतो. पारा पंचेचाळीस अंशांवर गेला की थंड प्रदेशातल्या कुत्र्याचे हे साधन तोकडे पडते.

काम गेले की जात जाते

कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने राजपालयम, चिप्पीपराई, मुधोळ आणि गद्दी या देशी कुत्र्यांची नोंद केली आहे. राळेगावच्या शिवारात मेंढ्यांमागे फिरणाऱ्या कुत्र्याच्या जातीला मात्र कागदावर नाव नाही. तो केवळ कामावर टिकून आहे. मेंढीला इजा करणारा कुत्रा मेंढपाळ ठेवत नाही आणि चांगल्या राखणदाराचीच पिल्ले वाढवतो. चराईची राने आणि मेंढपाळ कमी झाले की ही निवड थांबेल. मग कुत्र्याचा आकार तेवढा उरेल, गुण विरत जाईल. म्हणून पिल्लू मागण्याआधी मेंढपाळकाकांना विचारा, ‘याची कळपाला गरज आहे का?’ गरज असेल तर त्याला तिथेच राहू द्या.

करून पाहा

पुढच्या वेळी कळप गावाजवळ उतरेल तेव्हा मेंढपाळाची परवानगी घेऊन, शिक्षकांसह आणि दूर उभे राहून, एका कुत्र्याचे अर्धा तास निरीक्षण करा. वहीत हेरणे, नजर रोखणे, दबकणे, पाठलाग आणि पकडणे असे पाच रकाने आखा. प्रत्येक हालचाल दिसली की त्या रकान्यात एक खूण करा. मग गावातल्या कुत्र्याची अशीच नोंद घ्या. कोणत्या रकान्यात फरक पडतो आणि का पडतो, याची वर्गात चर्चा करा.