रस्ता कोणी आखावा?

पुणे जिल्ह्यातील जुन्नर व आंबेगाव हे तालुके एकमेकांस लागून आहेत. पारगाव या नावाची गावे दोन्ही तालुक्यांत आढळतात. अशा गावाच्या थांब्यावर सकाळी घटकाभर उभे राहावे, म्हणजे रस्त्यावर किती परींची माणसे असतात ते ध्यानात येते. कोणी विद्यार्थी शाळेसाठी एस. टी. गाठावयास धावत असतो. कोणी शेतकरी नारायणगावच्या बाजारात टोमॅटो नेत असतो. एखादी आजीबाई मंचरच्या दवाखान्यास निघालेली असते. हंगामात भीमाशंकर सहकारी साखर कारखान्याकडे उसाच्या गाड्यांची रीघ लागते. रस्ता एकच, परंतु प्रत्येकाची गरज निराळी!

मग हा रस्ता कोणी आखावा? अभियंत्याने, असे तुम्ही म्हणाल. ते खरेच आहे. पूल किती भार पेलील, वळण किती रुंद असावे, हे त्याच्याच विद्येचे काम. परंतु पावसाळ्यात कोणत्या ओढ्याचे पाणी वाटेवर चढते, शाळा सुटण्याची आणि बसची वेळ जुळते की नाही, थांब्यावर दिवा नसल्यामुळे मुलींना भय वाटते काय, या गोष्टी नकाशात दिसत नाहीत. त्या गावकऱ्यांनाच ठाऊक असतात.

याच भागातील एक गोष्ट पाहा. जुन्नर तालुक्यात खोडद येथे व आसपासच्या परिसरात एक प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या तीस तबकड्या असून प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. आकाशातून येणाऱ्या अत्यंत क्षीण रेडिओलहरी त्या टिपतात. पुणे व नाशिक यांना जोडणारा सुमारे २३५ किलोमीटरांचा लोहमार्ग नारायणगावच्या बाजूने नेण्याचे योजिले होते. तथापि त्यामुळे दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येईल, अशी हरकत निघाली आणि २०२४ च्या अखेरीस रेल्वेमंत्र्यांनी मार्ग बदलावा लागेल असे सांगितले. इकडे आगगाडी आपल्या भागातून जावी, अशी येथील लोकांची इच्छा. दोघांचेही म्हणणे समजण्याजोगे आहे. म्हणूनच कागदावर रेघ ओढण्यापूर्वी सर्वांना एकत्र बसवून विचारावे, हे शहाणपणाचे.

असे विचारण्याची जागा आपल्या गावातच आहे. ती म्हणजे ग्रामसभा. १९९२ च्या ७३ व्या घटनादुरुस्तीने तिला राज्यघटनेत स्थान मिळाले. गावाच्या मतदारयादीतील प्रत्येक व्यक्ती तिची सभासद असते. तेथे धनवान व गरीब, स्त्री व पुरुष, सर्वांच्या शब्दाला सारखेच मोल आहे.

मुलांनो, तुम्हांस अजून मताचा अधिकार नाही. पण निरीक्षणाचा अधिकार कोणी हिरावून घेतलेला नाही. “बस नेहमी उशिरा येते,” ही झाली तक्रार. पंधरा दिवस वहीत रोजची वेळ लिहून ठेवली, तर तो झाला पुरावा. ही वही वडीलधाऱ्यांनी ग्रामसभेत ठेवली, तर तिचा विचार करावाच लागतो. बस वेळेवर आली, म्हणजे लोक आपापली वाहने घरी ठेवतात. इंधन वाचते, धूर कमी होतो आणि गर्दीही ओसरते.

रस्ता खडी व डांबर यांनी बांधला जातो हे खरे. पण तो नीट आखला जातो तो सर्वांच्या विचारानेच.