सिमेंटच्या पोत्यातला कर्बवायू

सोलापुरात जुन्या घरांच्या सोप्यात आणि स्वयंपाकघरात पायाखाली असते ती शहाबादी फरशी. ही फरशी म्हणजे चुनखडीचा दगड. कलबुर्गी जिल्ह्यात शहाबाद, वाडी, मळखेड या पट्ट्यात तो भरपूर सापडतो आणि म्हणूनच सिमेंटच्या मोठ्या भट्ट्या तिथं उभ्या राहिल्या. आपली सोलापूरची जमीन काळ्या कातळाची. त्यामुळं होटगीच्या अल्ट्राटेकच्या कारखान्यात दगड भाजत नाहीत, फक्त दळण चालतं. भट्टीतून निघालेले क्लिंकरचे करडे खडे बाहेरून येतात, त्यात जिप्सम आणि राख घालून त्यांची बारीक पूड केली जाते, आणि ती पोत्यात भरली जाते.

जगभरातल्या कार्बन डायऑक्साइडच्या उत्सर्जनात सिमेंटचा वाटा 7 ते 8 टक्के आहे. कारण विचारलं तर कुणीही भट्टीतल्या कोळशाकडे बोट दाखवेल. पण निम्म्याहून अधिक वायू कोळशाचा नसतोच, तो दगडातला असतो. 100 किलो शुद्ध चुनखडी तापवली की 56 किलो चुना उरतो आणि 44 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा चुना माती-वाळूतल्या सिलिकाबरोबर 1450 अंशांपर्यंत भाजला की क्लिंकर तयार होतं. उद्या भट्टी उन्हाच्या विजेवर चालवली तरी हे 44 किलो निघणारच. पोलाद किंवा साखर कारखान्यापेक्षा सिमेंटचा प्रश्न अवघड आहे तो यामुळं.

एक वाट म्हणजे धुराड्यातच हा वायू पकडायचा. त्यासाठी केंद्राच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागानं 2022 मध्ये आयआयटी मुंबईत राष्ट्रीय संशोधन केंद्र दिलं. पुढं सिमेंट उद्योगासाठी पाच प्रयोगकेंद्रं जाहीर झाली, त्यातही आयआयटी मुंबई आहे. हे काम व्हायलाच हवं. मात्र धुरातून वायू वेगळा काढायला ऊर्जा लागते, पैसा लागतो, आणि पकडलेला वायू ठेवायचा कुठं हा प्रश्न उरतोच. माझा भरवसा दुसऱ्या वाटेवर अधिक आहे: मुळात क्लिंकरच कमी वापरायचं.

ही वाट सोलापूरच्या दारातून जाते. फताटेवाडीला एनटीपीसीचं 1320 मेगावॉटचं औष्णिक केंद्र आहे. भारतीय कोळशात राखेचं प्रमाण 30 ते 45 टक्के असतं. धुराबरोबर उडणारी बारीक राख यंत्रात अडवली जाते आणि ती काही क्लिंकरच्या जागी सिमेंटमध्ये घालता येते. सिमेंटमध्ये पाणी पडलं की क्लिंकरपासून थोडा चुना मोकळा होतो. एरवी तो तसाच पडून राहतो. राखेतला सिलिका या चुन्याशी हळूहळू जुळतो आणि त्यातूनच आणखी चिकट, टिकाऊ द्रव्य बनतं. म्हणजे राख ही भेसळ नव्हे, ती काम करते. पीपीसी या राखमिश्रित सिमेंटमध्ये 15 ते 35 टक्के राख चालते. 50 किलोच्या साध्या ओपीसीच्या पोत्यामागं साधारण 40 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. 35 टक्के राखेच्या पोत्यामागं 25 किलोच्या आसपास.

पण कोळसा कमी होत गेला तर राखही कमी होणार. इथं एक जुनंच शहाणपण नव्यानं पुढं आलं आहे. वाडे बांधताना चुन्यात विटांची पूड, म्हणजे सुरखी मिसळून ते मिश्रण घाण्यात मळत. भाजलेली माती चुन्याला धरते, हे आपल्या कारागिरांना ठाऊक होतं. क्यूबाचे फर्नांडो मार्टिरेना आणि स्वित्झर्लंडमधल्या कॅरेन स्क्रिव्हनर यांनी याच तत्त्वावर एलसी-थ्री नावाचं सिमेंट विकसित केलं. त्यात 50 टक्के क्लिंकर, 30 टक्के भाजलेली माती, 15 टक्के कच्ची चुनखडी आणि 5 टक्के जिप्सम असतं. माती भाजायला 700 ते 850 अंश पुरतात, आणि चुनखडी न भाजताच दळली जाते. साध्या सिमेंटच्या तुलनेत 30 ते 40 टक्के उत्सर्जन वाचतं. दिल्ली, मद्रास आणि मुंबई या आयआयटींनी भारतात यावर काम केलं आणि 2023 मध्ये भारतीय मानकही आलं. आपली काळी माती मात्र यासाठी फारशी उपयोगी नाही. काओलिनची माती लागते. ती सिंधुदुर्ग-रत्नागिरीकडे मिळते.

प्रयोगशाळेनं आपलं काम केलं, तरी खरी कसोटी बांधकामावर लागते. ‘स्लॅबला राखेचं सिमेंट नको, त्रेपन्न ग्रेडचं ओपीसीच आणा,’ असं सांगणारे गवंडी गावोगाव भेटतात. त्यांची शंका अगदीच निराधार नाही. राखेचं सिमेंट सुरुवातीला सावकाश ताकद धरतं, आणि तोवर ते ओलं राहायला हवं. ओपीसीला किमान 7 दिवस पाणी मारायचं तर मिश्र सिमेंटला 10. कोरड्या, उष्ण हवेत हा काळ 14 दिवसांपर्यंत वाढवावा, असं आयएस 456 हे मानक सांगतं. सोलापूरचा एप्रिल याच वर्णनात बसतो. नळाला काही दिवसांआड पाणी, त्यात टँकरचा भाव. तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाणी मारणं थांबतं, भेगा पडतात आणि दोष राखेवर जातो.

स्लॅबवर आळी करून पाणी बांधलं, कॉलमना ओलं गोणपाट गुंडाळलं तर पाणी कमी लागतं. बांधकामाचा हिशेब ठरवताना सळई-वाळूच्या ओळीखाली 14 दिवसांच्या पाण्याचीही ओळ लिहायला घरमालकानं ठेकेदाराला सांगावं, आणि महापालिकेनं आपल्या निविदांमध्ये ती आधी घालावी.