टापूतले पक्षी आणि गुणांची वही

आमच्या निसर्ग मंडळाच्या टापू-स्पर्धेत मी गुणांची वही सांभाळते, हे कळल्यापासून वाङ्मय मंडळातल्या मित्रमैत्रिणींचा एकच प्रश्न असतो, ‘म्हणजे तू पक्ष्यांना मार्क देतेस?’ नाही. मार्क माणसांना मिळतात, आणि तेही फार जपून. ही स्पर्धा कशी चालते आणि तिच्यात स्वयंसेवकाला काय करावं लागतं, ते एकदाचं लिहूनच टाकते.

इंग्रजीत पक्षिनिरीक्षक ज्याला ‘पॅच’ म्हणतात त्याला आम्ही टापू म्हणतो. (ठिगळ हा शब्दही कुणीतरी सुचवला होता. तो एकमताने फेटाळला.) टापू म्हणजे आपल्या नेहमीच्या वाटेवरची, पुन्हा पुन्हा जाता येईल अशी, हद्द ठरवून घेतलेली जागा. ब्रिटनमध्ये २०१३ साली ‘पॅचवर्क चॅलेंज’ नावाची मैत्रीची स्पर्धा सुरू झाली. तिच्यात टापू तीन चौरस किलोमीटरपेक्षा मोठा नको, असा नियम होता. तीन चौरस किलोमीटर म्हणजे किती, हे गोव्यातल्या माणसाला सांगायचं तर चोडणचं डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आठवा. रायबंदरहून फेरीने मांडवी ओलांडली की लागणारं ते खारफुटीचं रान १.७८ चौरस किलोमीटरचं आहे. ते अख्खं त्या नियमात बसून वर जागा उरेल. आमच्या एका गटाचा टापू तर वसतिगृहाचं परसू, दोन आंबे, एक फणस आणि कुंपणापलीकडचं भातशेत एवढाच आहे.

आता पक्षी बघण्यात स्पर्धा कशाला, असं वाटेल. मलाही आधी ते जरा पोरकट वाटायचं. पण या स्पर्धेची जुनी कुळी पाहिली की गंमत कळते. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात नाताळच्या दिवशी गट पाडून शिकारीला जायची पद्धत होती. दिसेल ते मारायचं आणि ज्यांचा ढीग मोठा ते जिंकले. १९०० साली फ्रँक चॅपमन या पक्षितज्ज्ञाने सुचवलं की या नाताळला पक्षी मारू नका, मोजा. त्या वर्षी २५ ठिकाणी मिळून २७ माणसांनी मोजणी केली, आणि ती नाताळची गणना आजही चालू आहे. म्हणजे चढाओढ तशीच ठेवली, फक्त हातातली बंदूक काढून वही दिली. मध्यरात्रीच्या मिस्सेनंतर पहाटे कोण उठतं हा प्रश्न आहेच, पण कल्पना मला फार आवडते.

गुणांचं गणित सोपं आहे. कावळा, साळुंकी, वंचक, गायबगळा, घार यांना एक गुण. थोडे शोधावे लागणारे दोन गुणांचे. आपल्या भागात क्वचित दिसणाऱ्याला पाच. एक जात वर्षातून एकदाच धरायची. पण एवढ्यावर सोडलं तर खाजनाचा टापू घेतलेला गट नेहमीच जिंकणार, कारण पाणी, चिखल आणि खारफुटी जिथे आहे तिथे पक्षी असणारच. म्हणून ब्रिटनमधल्या स्पर्धेतली एक युक्ती आम्ही उचलली : प्रत्येक गटाची तुलना त्याच्याच मागच्या वर्षाशी. परसूवाले अशा हिशेबात खाजनवाल्यांना खुशाल मागे टाकू शकतात.

आणखी एक नियम आमचा स्वतःचा, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्रत्येक पूर्ण यादीला एक गुण. पूर्ण यादी म्हणजे किमान पंधरा मिनिटं फिरून जे जे ओळखता आलं ते सगळं लिहिलेली यादी, कावळ्यासकट. नुसते छान छान पक्षी निवडून लिहिले तर ती यादी पूर्ण नाही. याचं कारण असं की सगळं लिहिलंय अशी खात्री असेल तरच न लिहिलेल्याला अर्थ येतो. तीन हिवाळे एकाच शेतात पूर्ण याद्या केल्या आणि तिसऱ्या हिवाळ्यात करडा धोबी एकाही यादीत नाही, तर ती बातमी असते. अर्धवट याद्यांमधून एवढंच कळतं की लिहिणाऱ्याला काय आवडलं.

या याद्या आम्ही ‘ई-बर्ड’वर टाकतो. कॉर्नेल विद्यापीठाची पक्षिप्रयोगशाळा २००२ पासून ते चालवते. तिथे गेलेली नोंद कपाटात पडून राहत नाही. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ या २०२३ च्या अहवालासाठी तीस हजारांहून जास्त हौशी निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदी वापरल्या गेल्या आणि ९४२ जातींची स्थिती तपासली गेली. चास, म्हणजे आपला नीलपंख, सगळीकडे आहे असं आपण धरून चालतो. त्याच्या घटत्या संख्येकडे नव्याने बघायला हवं, हे याच अहवालाने सांगितलं. ते कळलं कारण कुणीतरी कुठल्यातरी कंटाळवाण्या मंगळवारी यादी केली होती.

स्वयंसेवकाची खरी कसोटी मात्र संशयाच्या नोंदीत लागते. पाच गुण दिसले की डोळे जरा जास्तच तीक्ष्ण होतात. खाजनाच्या गटातल्या पहिल्या वर्षाच्या एका मुलाने ‘काळ्या डोक्याचा खंड्या’ लिहून पाठवला. बाकीचे गट लगेच तुटून पडले : साधाच खंड्या असणार, नवीन आहे पोरगा. अशा वेळी पुस्तकातलं चित्र आधी दाखवायचं नाही. दाखवलं की माणूस ‘हो हो, हाच’ म्हणतो, आणि खोटं बोलत नसतो. त्याला खरंच तसं आठवायला लागतं. म्हणून आधी विचारायचं, तू काय पाहिलंस? तो म्हणाला, डोकं काळं, मानेला पांढरा पट्टा, पोट नारिंगी, चोच लाल, मानशीच्या खांबावर बसला होता. साध्या खंड्याचं डोकं तपकिरी आणि गळा पांढरा असतो. शिवाय काळ्या डोक्याचा खंड्या किनाऱ्यालगत खारफुटीतच सापडतो, तेव्हा जागाही जुळली. पाच गुण दिले.

त्याच आठवड्यात माझ्या जवळच्या मैत्रिणीने ससाणा लिहिला. खूप उंचावर, दोन सेकंद. ‘दुसरं काय असणार?’ शेपटी कशी होती, पंख कसे होते, काही सांगता येईना. मी लिहिलं : शिकारी पक्षी, जात अनिश्चित, गुण शून्य. आमच्या सगळ्यांत तिची नजर सर्वांत चांगली आहे, हे मी आजही कुणालाही सांगेन. ‘तुझा माझ्यावर विश्वास नाही का?’ असं तिने विचारलं, त्याला माझ्याकडे धड उत्तर नव्हतं, कारण प्रश्न विश्वासाचा नव्हताच. तिचा गट चार गुणांनी मागे राहिला. आठवडाभर आम्ही कँटीनमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर बसलो. मग एका सोमवारी तिची यादी आली : घारी ४, कावळे ११, साळुंक्या ६, बाकी काही नाही. पूर्ण यादी, एक गुण. मी तो भरला आणि चहाला बोलावलं.

भाषेची कामंही बरीच असतात, म्हणून हे इथे लिहितेय. गेल्या वर्षी एका गटाने भारद्वाजाचा एक गुण घेतला आणि पुढच्या महिन्यात कुंभारकावळ्याचा आणखी एक. पक्षी तोच! सोनकावळा म्हणून तिसरा गुण घ्यायच्या आत मी पकडलं. मराठीत एकेका पक्ष्याला गावागणिक नाव आहे, आणि आमच्याकडे कोकणी नावं वेगळीच. ही नावं एकत्र जुळवताना मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ हाताशी लागतो. वनखात्यात आयुष्य घालवलेला हा लेखक २००६ मध्ये सोलापूरच्या साहित्य संमेलनाचा अध्यक्ष होता. अभ्यासक्रमात आपण त्यांना ललित लेखक म्हणून भेटतो, मला ते वहीच्या कामात जास्त भेटले.

बाकीचे नियम थोडक्यात. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला बाहेर काढायचं नाही. घरट्याचा फोटो नाही, घरट्याची जागा ग्रुपवर टाकायची नाही. शेतात जायचं तर बांधावरून, आणि शेतकऱ्याला विचारून.

फेब्रुवारीत चार दिवस जगभर पक्षिगणना असते आणि तिच्याबरोबर भारतात कॉलेजांच्या आवारांतली गणनाही होते. त्याआधी आम्हाला चार जण हवेत. दोघं हद्दीचे नकाशे काढायला, एक नावांची कोकणी-मराठी यादी करायला, एक रविवारी सकाळी साडेसहाला नवख्यांना फिरवायला. दुर्बीण नसली तरी चालेल, मंडळाकडे दोन आहेत. एकीचं डावं भिंग धूसर आहे.