विखुरलेल्या सभासदांचा कारभार : आंतरराष्ट्रीय युवक-संघ आणि धारणीच्या ग्रामसभा

कोणत्याही संस्थेची घटना हाती घेतली की प्रथम तिची उद्दिष्टे वाचण्याचा प्रघात आहे. वस्तुतः उद्दिष्टांवरून कारभाराविषयी फारसे कळत नाही. पर्यावरणाच्या रक्षणास वाहिलेल्या दोन संस्थांची उद्दिष्टे जवळजवळ एकाच शब्दांत लिहिलेली असू शकतात, आणि तरीही एकीचा कारभार दुसरीस मुळीच ओळखू येणार नाही इतका वेगळा असू शकतो. संस्थेच्या हाती प्रत्यक्षात काय आहे, म्हणजे भूमी, द्रव्य, की केवळ बोलण्याची संधी, यावरून तिचे नियम घडतात. प्रस्तुत लेखात या दृष्टीने दोन प्रकारच्या संघटनांचा विचार केला आहे : एक, युवकांचे आंतरराष्ट्रीय पर्यावरण-संघ, आणि दुसरी, अमरावती जिल्ह्याच्या धारणी तालुक्यातील कोरकू गावांच्या ग्रामसभा. दोहोंचे सभासद विखुरलेले आहेत, दोहोंत पगारी नोकरवर्ग नसल्यासारखाच आहे, आणि दोहोंपुढे निर्णय कोणाचा व तो कोणावर बंधनकारक, हा एकच प्रश्न उभा आहे. तुलनेला एवढा आधार पुरेसा आहे.

युवक-संघांचा इतिहास वाटतो तितका अलीकडचा नाही. निसर्गाभ्यास करणाऱ्या युवक-मंडळांचा आंतरराष्ट्रीय महासंघ १९५६ मध्ये स्थापन झाला, आणि त्याच्या युरोपीय शाखेतून १९८३ मध्ये ‘यूथ अँड एन्व्हायर्नमेंट युरोप’ ही संघटना निघाली. या पिढीच्या संघांची रचना जुन्या धाटणीची होती. निरनिराळ्या देशांतील संस्था सभासद, त्यांची सर्वसाधारण सभा सर्वश्रेष्ठ, आणि तिने निवडलेले छोटे कार्यकारी मंडळ मधल्या काळात काम पाहणारे. सहकारी पतपेढीचे पोटनियम ज्याने वाचले आहेत त्याला यात नवे काही आढळणार नाही.

१९९२ च्या रिओ परिषदेने मात्र चित्र पालटले. तेथे संमत झालेल्या ‘अजेंडा २१’ च्या पंचविसाव्या प्रकरणात युवकांचा स्वतंत्र विचार केलेला आहे. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-बदलविषयक करारान्वये युवक-संस्थांचा एक गट मानला गेला. ‘यंगो’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या गटास २००९ मध्ये तात्पुरती व २०११ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली. २००५ च्या माँट्रियल परिषदेपासून मुख्य परिषदेच्या अगोदर युवकांची स्वतंत्र परिषद भरते. यंगोचे दोन प्रमुख प्रतिनिधी असतात : एक विकसित उत्तरेकडील देशांचा, दुसरा दक्षिणेकडील देशांचा. त्यांच्याखाली विषयवार कार्यगट आहेत आणि निर्णय शक्यतो सर्वसंमतीने व्हावा असा संकेत आहे.

या गटाच्या हाती भूमी नाही, खजिना नाही, आणि कोणाही राष्ट्रावर बंधनकारक असा ठराव करण्याचा अधिकारही नाही. परिषदेच्या सभागृहात काही मिनिटे बोलण्याची संधी, एवढीच त्याची खरी मालमत्ता होय. म्हणूनच त्याचे सारे नियम ‘कोण बोलणार’ या प्रश्नाभोवती गुंफलेले आहेत. उत्तर-दक्षिणेचा समतोल याच प्रश्नाच्या पोटी जन्मला. युवकत्वास वयाची मर्यादा असल्यामुळे आणखी एक अडचण उद्भवते. पस्तिशीच्या आत जो संस्थेचे काम शिकतो, तो शिकून तयार होताच बाहेर पडतो. अशा संस्थेत काम दुसऱ्याच्या स्वाधीन करण्याचे नियम निवडणुकीच्या नियमांहून अधिक महत्त्वाचे ठरतात. परंतु घटना लिहिणाऱ्यांचे लक्ष बहुधा निवडणुकीवरच खिळलेले असते.

आता धारणीकडे वळू. सातपुड्याच्या गाविलगड रांगांत वसलेल्या मेळघाटाचे धारणी आणि चिखलदरा हे दोन तालुके. दोन्ही संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात येतात. लोकवस्ती मुख्यत्वे कोरकूंची असून त्यांची भाषा मुंडा कुळातील आहे. १९७३ मध्ये आरंभलेल्या व्याघ्र-योजनेतील पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी मेळघाट हा एक. त्यामुळे येथील माणसाचा वनाशी असलेला संबंध अर्धशतकभर दुहेरी राहिला आहे. वनावर त्याचे जगणे, आणि त्याच वनाच्या रक्षणासाठी केलेल्या नियमांचा पहिला भारही त्याच्यावरच.

शासनाने गावकऱ्यांना वनरक्षणात सामील करून घेण्याचे प्रयत्न केले नाहीत असे नाही. केंद्र सरकारच्या १ जून १९९० च्या परिपत्रकानंतर महाराष्ट्रात १९९२ मध्ये संयुक्त वनव्यवस्थापनाचा निर्णय झाला आणि गावोगावी समित्या स्थापन झाल्या. व्याघ्र-प्रकल्पाच्या परिसरात परिस्थितिकीय विकास समित्या आल्या. या समित्यांच्या रचनेत एक सूत्र समान होते. अध्यक्ष गावचा, परंतु सचिव वनविभागाचा कर्मचारी. इतिवृत्ताची वही ज्याच्या कपाटात, संस्था त्याची, हे प्रशासनातील जुने सत्य येथेही खरे ठरले. समितीचा जन्म आदेशाने झाला होता. तिचा लयही आदेशानेच होऊ शकत होता.

२००६ च्या वनहक्क कायद्याने या सूत्राची उलथापालथ केली. त्याच्या कलम ३ (१) (झ) अन्वये सामूहिक वनस्रोताचे रक्षण, पुनर्निर्माण आणि व्यवस्थापन हा गावसमाजाचा हक्क मानला गेला. हा हक्क शासन देत नाही, केवळ मान्य करते. आणि ज्या संस्थेच्या ठायी तो मान्य होतो ती निवडलेली पंचायत नसून सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांची ग्रामसभा आहे. अनुसूचित क्षेत्रात तर १९९६ च्या पेसा कायद्यानुसार ‘गाव’ म्हणजे महसुली गाव असलेच पाहिजे असे नाही. एखादी वस्ती, मेळघाटी बोलीतला एखादा ढाणासुद्धा, आपला कारभार परंपरेने स्वतः पाहत असल्यास गाव ठरू शकतो.

ग्रामसभा आपल्यातून १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडते. तिच्यात किमान एक-तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात आणि, २०१२ च्या दुरुस्तीनंतर, अनुसूचित जमातीचे सभासद किमान दोन-तृतीयांश. समिती दाव्यांची पडताळणी करते, ठराव ग्रामसभेचा. तो उपविभागीय समितीकडे, तेथून जिल्हा समितीकडे जातो. हक्क मान्य झाल्यावर वनाच्या प्रत्यक्ष व्यवस्थापनासाठी नियम ४ (१) (ङ) खाली दुसरी समिती नेमायची असते. तिचा आराखडा, गौण वनोपजाच्या वाहतुकीचे परवाने आणि मिळालेल्या पैशाचा विनियोग या तिन्हींवर अंतिम शब्द पुन्हा ग्रामसभेचाच राहतो. सचिव म्हणून वनपाल येथे नाही. सही करणारे हात गावचेच.

कागदावर ही रचना निर्दोष वाटते. अडचण आहे ती गणपूर्तीची. २०१२ च्या दुरुस्तीपूर्वी दोन-तृतीयांश, आणि त्यानंतर निम्म्याहून कमी नाही इतके सभासद हजर असावेत, हजर असलेल्यांत एक-तृतीयांश स्त्रिया असाव्यात, आणि दाव्यांचा ठराव असेल तर निम्मे दावेदारही उपस्थित असावेत, असा नियम आहे. धारणीच्या गावांत दिवाळीनंतर कुटुंबेच्या कुटुंबे मजुरीसाठी खाली वऱ्हाडच्या मैदानात आणि त्याही पलीकडे उतरतात. होळीला मात्र कोरकू माणूस शक्यतो गावी परततो. फगव्याचे दिवस संपतात तोच मोहाचा हंगाम असतो आणि मागोमाग तेंदूपानांचा. म्हणजे ज्या थोड्या दिवसांत सारे गाव खऱ्या अर्थाने एकत्र असते, ते शासकीय पंचांगातील ग्रामसभेच्या तारखांशी जुळत नाहीत. २६ जानेवारीस बोलाविलेल्या सभेत गणपूर्ती न होणे हा गावाच्या अनास्थेचा पुरावा म्हणून अहवालांत नोंदविला जातो. प्रत्यक्षात तो तारीख ठरविणाऱ्याच्या अज्ञानाचा पुरावा होय. सभा होळीनंतरच्या आठवड्यात घेण्यास कायद्याची कोणतीही आडकाठी नाही.

गणपूर्तीचे महत्त्व किती, हे पुनर्वसनाच्या प्रश्नात उघड होते. व्याघ्र-प्रकल्पाच्या गाभाक्षेत्रातून गाव हलवावयाचे असल्यास ग्रामसभेची स्वेच्छेने व पूर्ण माहितीअंती दिलेली संमती कायद्याने आवश्यक आहे. मेळघाटातून बोरी, कोहा, कुंड अशी गावे या शतकाच्या आरंभी अकोला जिल्ह्याच्या बाजूस हलविली गेली आणि नंतर आणखी काही गावे गेली. संमती गावाची, मोबदला मात्र कुटुंबाचा. २००८ पासून तो प्रतिकुटुंब १० लाख रुपये होता, २०२१ मध्ये १५ लाख झाला. त्यातही अठरा वर्षांवरील मुलगा, अविवाहित असला तरी, स्वतंत्र कुटुंब धरला जातो. परिणाम असा की ग्रामसभेत नुकताच मताधिकार मिळालेला तरुण एकाच वेळी दोन नात्यांनी बसलेला असतो : सामूहिक वनाचा वारस म्हणून, आणि स्वतंत्र रकमेचा दावेदार म्हणून. वडील ‘नको’ म्हणत असता मुलगा ‘हो’ म्हणू शकतो, आणि त्याच्या ‘हो’ मध्ये अप्रामाणिकपणा असतोच असे नाही. शिक्षण, दवाखाना आणि रस्ता यांची ओढ खरी आहे. सामूहिक हक्काला सामूहिक निर्णयाची आणि वैयक्तिक मोबदल्याची अशी जोड देणारा नियम सभेला आतूनच दुभंगतो. आंतरराष्ट्रीय युवक-संघात मतभेद झाले तर फार तर निवेदन सौम्य होते. येथे एका हात वर करण्याने गाव नकाशावरून जाते.

मेळघाटच्या पायथ्याशी, अचलपूर तालुक्यातील पायविहीर येथे याच कायद्याचा दुसरा उपयोग पाहावयास मिळतो. हे गाव अनुसूचित क्षेत्राबाहेरचे. तरीही वनहक्क कायदा तेथे लागू आहेच, ही गोष्ट पुष्कळदा विसरली जाते. २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मान्य झाल्यावर गावाने उजाड टेकड्यांवर झाडे वाढविली, सीताफळाची विक्री स्वतः हाती घेतली, आणि २०१४ मध्ये संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाशी निगडित भारतीय जैवविविधता पुरस्कार त्यास लाभला. परतवाड्याच्या ‘खोज’ या संस्थेचे साहाय्य यामागे होते. साहाय्यक संस्थेने दावा लिहिण्यास मदत करावी, परंतु वही आपल्या कपाटात ठेवू नये, एवढे पथ्य पाळले गेले की बाहेरची मदत बाधत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावाने तर शंभरावर नियम स्वतः चर्चा करून लिहून काढले आणि तेंदूपाने तोडण्याचे उत्पन्नही सोडून दिले. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) येथे ठराव बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलला जातो. सर्वसंमतीचा संकेत यंगोतही आहे हे वर सांगितलेच. पण तेथे एकमत न झाल्यास उद्याच्या सभेतील बोलण्याची पाळी जाते, म्हणून घाई असते. मेंढ्यात वन कोठे जात नाही. विषय थांबू शकतो.

ग्रामसभांचा संघ करण्याची गरज मात्र लवकरच भासते. तेंदूपानांचा ठेकेदार एकेकट्या गावाशी सौदा करताना भाव पाडतो. वीस गावे एकत्र आली की तोच ठेकेदार लिलावात बोली चढवितो. गडचिरोलीच्या कोरची तालुक्यात याच निकडीतून महाग्रामसभा उभी राहिली. तिच्यात गावोगावच्या ग्रामसभांनी निवडलेले स्त्री-पुरुष प्रतिनिधी बसतात, परंतु वनाचा हक्क महाग्रामसभेकडे जात नाही. तो मूळ गावाकडेच राहतो. संघ फक्त सौदा, सल्ला आणि पाठपुरावा करतो. न पटल्यास गाव उठून जाऊ शकते, आणि जाताना आपले वन बरोबर नेते.

धारणी तालुक्यात असा संघ बांधावयाचा झाल्यास त्याचे दैनंदिन काम तरुणांवरच पडणार हे उघड आहे. सीमारेषेचे उपकरणाने मापन, आराखड्याचा तक्ता, बँकेचे खाते, मराठीत पत्रव्यवहार, ही कामे शाळेत गेलेली कोरकू मुले-मुलीच करू शकतात. वनातील पायवाटा, पाणवठे आणि पूर्वीच्या चराईच्या सीमा यांची माहिती मात्र ज्येष्ठांकडे आहे, आणि ती कोरकूतच सांगितली जाते. युवक-संघाला वयोमर्यादेमुळे जी स्मृती दर काही वर्षांनी गमवावी लागते, ती ग्रामसभेत वृद्धांच्या रूपाने शेजारीच बसलेली असते. कारण ग्रामसभेचे सभासदत्व अठराव्या वर्षी सुरू होते व मृत्यूनेच संपते. यास्तव सभेचे कामकाज कोरकूत चालावे, इतिवृत्त मराठीत लिहिले जावे, आणि सह्या घेण्यापूर्वी ते पुन्हा कोरकूत वाचून दाखवावे, हा क्रम केवळ सोयीचा मानता येत नाही. पुनर्वसनाची संमती ‘पूर्ण माहितीअंती’ दिली गेली की नाही, याची कसोटी पाहू जाता त्या वाचून दाखविण्यावरच येऊन ठेपते.