रेडिएटर घरच्या घरी कसा धुवावा?



ऊस विकास अधिकाऱ्याने रेडिएटरवर लिहावे याचे नवल वाटेल. पण तोडीची पाळी यावी आणि ट्रॅक्टर नेमका फडातच उकळावा, हे दर हंगामात पाहतो.

मध्यंतरी विरारजवळ बोळिंजला साडूंकडे गेलो होतो. त्यांची मोटार वाटेत दोनदा तापली. "अहो, रोज पाणी घालतो की!" साडू म्हणाले. पाणी कुठले, तर घरच्या विहिरीचे, चवीला मचूळ. गाडी गार झाल्यावर झाकण काढले, तर आत गेरूसारखा गाळ आणि नळ्यांच्या तोंडाशी पांढरी खपली. शिवाय रोज पाणी घालावे लागते म्हणजे कुठेतरी गळती आहेच. खालचा रबरी पाइप चिरलेला निघाला. तो आधी बदलला.

खपली उष्णता अडवते. कारखान्याच्या बॉयलरला आपण विहिरीचे पाणी तसेच घालत नाही. रस आटवताना वाफेचे जे निर्मळ पाणी होते तेच मुख्यतः वापरतो. आटवणीच्या भांड्यांना मात्र रसातल्या क्षारांची खपली धरते. ती काढायला कॉस्टिक सोडा उकळतात. पण तो सोडा रेडिएटरात कुणी घालू नये. हल्लीचे रेडिएटर बहुधा ॲल्युमिनियमचे, सोडा त्याला खातो.

आता काम. इंजिन पूर्ण गार होऊ द्या. तापलेले झाकण उघडले की दाबाखालचे पाणी तोंडावर येते, घाई नकोच. खाली घमेले ठेवून तळाची तोटी सोडा. मग स्वच्छ पाणी भरा, कारला हीटर असेल तर तो गरमवर ठेवा, आणि वरचा पाइप हाताला गरम लागेपर्यंत इंजिन चालवा. म्हणजे थर्मोस्टॅट उघडून पाणी सगळीकडे फिरले. बंद करा, गार होऊ द्या, सोडा. गढूळपणा जाईपर्यंत असेच करावे. साडूंच्या गाडीला चार खेपा लागल्या, अख्खा रविवार गेला. तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नका, हेड तडकते.

भरताना कूलंट आणि बॅटरीत घालतो ते शुद्ध पाणी निम्मे-निम्मे घ्यावे. तयार मिसळलेला डबा असेल तर त्यात पाणी नको. कूलंट कोणता, ते गाडीच्या पुस्तिकेत पाहा. दोन जातींचे एकत्र करू नका. कूलंटने गंज कमी धरतो आणि पाणी उशिरा उकळते. सावकाश ओता. झाकण उघडे ठेवून इंजिन मंद चालवा, बुडबुडे येऊन पातळी खाली जाईल, तेवढी भर घाला. हवा अडकली तर गाडी पुन्हा तापणारच. काही गाड्यांना हवा काढायचा वेगळा स्क्रू असतो, तो पुस्तिकेत दाखवलेला असतो. दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर पातळी पुन्हा पाहावी.

घमेल्यातले जुने कूलंट गटारात, पाटात वा बांधावर ओतू नका. ते चवीला गोड आणि विषारी असते. कुत्रे, वासरू चाटते आणि मरते. पोरांच्या हाती लागणार नाही अशा झाकणाच्या डब्यात भरून, वर नाव लिहून, गॅरेजवाल्याला विचारून द्या.

— ऊस विकास अधिकारी