‘व्हेकेट’ आणि ‘इव्हॅक्युएट’ : खाली करणं आणि खाली करून देणं

मंडळी, इतवारीत बसून ‘रिकामं करणं’ या क्रियेवर बोलायचं, तर सुरुवात हमालांपासूनच करायला हवी. सकाळी गल्लीत ट्रक लागला की हाक येते, “गाडी खाली करा!” दुपारी घरमालक भाडेकरूला म्हणतो, “खोली खाली करा.” (पुण्याहून आलेल्या आमच्या एका मित्राने विचारलं होतं, खोली आणखी किती खाली नेणार?) शब्द एकच आहे. पण गाडीतला माल दुसरं कुणीतरी उतरवतं. खोलीतून मात्र राहणाऱ्याने स्वतःच निघायचं असतं.

इंग्रजीत अशा दोन तऱ्हांसाठी दोन क्रियापदं आहेत, ‘व्हेकेट’ आणि ‘इव्हॅक्युएट’. दोन्हींच्या मुळाशी लॅटिनमधली रिकामेपणाचीच कल्पना आहे. तरीही त्यांची अदलाबदल करता येत नाही.

‘व्हेकेट’ला कर्म लागतं ते जागेचं: खोली, दुकान, खुर्ची, पद. “आम्ही भाडेकरूला व्हेकेट केलं” असं आपल्याकडे सर्रास बोलतात, पण इंग्रजीत ते बसत नाही. माणसाला कायद्याने किंवा जोराने काढलं, तर ते ‘इव्हिक्ट’. कोर्टातले लोक “स्टे व्हेकेट झाला” म्हणतात, म्हणजे स्थगिती उठली, तिचा अंमल संपला. हे आपण लक्षात ठेवू या. या क्रियापदाला नुसतं निघून जाणं पुरत नाही. जागेवरचा ताबाही त्याबरोबर सुटतो.

‘इव्हॅक्युएट’मध्ये ‘बाहेर’ सांगणारा उपसर्ग आहे. हा शब्द वैद्यकात पोट साफ करण्यासाठी वापरला जाई, त्यामुळे माणसांना ‘इव्हॅक्युएट’ केलं म्हणायला भाषेचे कडक लोक नाकं मुरडत. पण सप्टेंबर 1939 मध्ये ब्रिटनने शहरांतली मुलं खेड्यांकडे हलवली, 1940 मध्ये डंकर्कहून तीन लाखांवर सैनिक समुद्रमार्गे काढले, आणि तो वाद मागे पडला. इथे कारण असतं धोका, आणि बहुधा हलवणारा दुसराच कुणी असतो.

आपल्या नागपूरचंच घ्या. 23 सप्टेंबर 2023च्या पहाटे अंबाझरी ओसंडला, सखल वस्त्यांत पाणी शिरलं, बचाव पथकांनी माणसं बोटींतून बाहेर काढली. ती माणसं ‘इव्हॅक्युएट’ झाली. त्यांनी घरं ‘व्हेकेट’ केली का? नाही ना. पाणी उतरल्यावर परतायचं, हे गृहीतच होतं. अर्थात दरवेळी परतणं होतंच असं नाही. फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेल्यांच्या मालमत्तेसाठी आपल्याकडे 1950चा जो कायदा झाला, त्यात ती ‘इव्हॅक्युई’ मालमत्ता ठरली आणि सरकारी कस्टोडियनकडे गेली. तिथे धोक्यामुळे निघणाऱ्याचा हक्कही गेला. शब्दाचा अर्थ शब्दकोशात ठरतो, ही समजूत अशा वेळी आम्हाला फार भाबडी वाटते.

आता घरचं सांगतो. आम्ही शाळेत होतो तेव्हा, एका पावसाळ्यात आमच्या भाड्याच्या खोलीची मागची भिंत खचली. मालक म्हणाले, दुरुस्ती होईपर्यंत दुसरीकडे राहा. तेव्हा नागपुरात 1949चा सी. पी. अँड बेरार भाडेनियंत्रण आदेश लागू होता. त्यानुसार भाडेकरार संपवण्याची नोटीस द्यायलासुद्धा मालकाला रेंट कंट्रोलरची परवानगी लागे. भाडेकरूने आपणहून जागा सोडली, तर मात्र तो खटाटोपच नको. मालकांनी इंग्रजीत टाइप केलेला दोन ओळींचा कागद आणला. वडिलांनी विचारलं, “यात काय लिहिलं आहे जी?” उत्तर मिळालं, “खोली खाली केली, एवढंच.”

ते खोटंही नव्हतं, हो. कागदावर ‘व्हेकेटेड’ होतं.

(आज लागू असलेल्या 1999च्या महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्यात दुरुस्तीसाठी जागा सोडणाऱ्या भाडेकरूच्या पुनर्प्रवेशाची तरतूद आहे. पण सही करण्याआधी कागद वाचून घ्या बरं.)

मराठीतही हा भेद दाखवता येतो, नुसता ‘देणे’ लावून. “खोली खाली केली” यात सामान निघालं एवढंच कळतं. “खोली खाली करून दिली” म्हटलं की ताबा मालकाच्या हातात गेला. वडिलांनी पहिलं केलं होतं आणि सही दुसऱ्यावर झाली. दिवाळीच्या सुमारास आम्ही त्यांच्यासोबत तिथे गेलो, तेव्हा भिंत नवी होती, रंग नवा होता, आणि दाराला आमचं नसलेलं कुलूप होतं.